कॅमेरा कोण धरणार, हे सगळ्यात शेवटी ठरवा

आमच्या पहिल्या लघुपटाचा दिग्दर्शक मी होतो. लेखक मी, संकलक मी आणि कॅमेराही माझ्याच हातात. बाकी पाच मित्रमैत्रिणी होते, त्यांना मी ‘टीम’ म्हणायचो. त्यांनी नेमकं काय करायचं हे मी सांगितलं नव्हतं, त्यामुळे जो तो माझ्यामागे उभा राहून मोबाईलवर माझेच फोटो काढत होता.

विषय होता आजी. वडोदऱ्यात दांडिया बाजारातलं आमचं जुनं घर पाडायचं ठरलं होतं. त्याआधी आजीनं तिच्या झोपाळ्यावर बसून या घराबद्दल बोलावं, एवढीच कल्पना. मी तारीख ठरवली ती उत्तरायणाच्या आदल्या रविवारची. वडोदऱ्यात राहणाऱ्या माणसानं असं करावं? गच्च्यागच्च्यांवर भोंगे सुरू झाले होते, आणि आमचा आवाज टिपणारा माईक म्हणजे कॅमेऱ्यातलाच, आजीपासून दहा फुटांवर.

आजी त्या दिवशी सुंदर बोलली. लग्न होऊन आली तेव्हा तिला गुजराती येत नव्हतं. दारावर भाजीवाली आली, ती जे विचारेल त्याला आजी मान हलवत गेली. ‘रींगण’ म्हणजे वांगी हे कळलं ते टोपलीभर वांगी घरात आल्यावर. आजोबांनी चार दिवस मुकाट्यानं वांगी खाल्ली, एक शब्द बोलले नाहीत. हे सांगून आजी हसली आणि मग रिकाम्या खुर्चीकडे बघत गप्प बसली. ते सगळं दिसतं. ऐकू येतं ते ‘काय पो छे!’ आणि शेजारच्या खोलीतल्या फ्रिजची घरघर.

नंतर आवाज साफ करता येतो, असं मला वाटत होतं. थोडा येतोही. पण भोंग्याखाली दबलेला माणसाचा शब्द वर काढता येत नाही. आजीला पुन्हा सांगायला लावलं तर तिनं पाठ केल्यासारखं सांगितलं. त्यात खुर्चीकडे बघणं नव्हतं.

फेब्रुवारीत दुसऱ्यांदा चित्रीकरण करायचं ठरलं तेव्हा मी आधी कामं वाटली. पहिलं काम सहाय्यक दिग्दर्शकाचं. त्यासाठी मला तोंडावर ‘नाही’ म्हणणारी मैत्रीण निवडली. तिनं सगळ्यात आधी दिनदर्शिका काढली. लग्नाची वरात, शाळा सुटण्याची वेळ, बोअरिंगचा पंप, सगळं लिहून काढलं. संहितेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट, हा ढोबळ हिशेब. आमची आठ पानं होती आणि मला ती एका दिवसात उरकायची होती. तिनं दोन दिवस केले. आदल्या रात्री प्रत्येकाला कोणी किती वाजता, कुठे, काय घेऊन यायचं त्याचा कागद पाठवला. सेटवर घड्याळ बघायचं काम दिग्दर्शकाचं नाही. तो बघायला लागला की कलाकाराकडे बघत नाही.

दुसरं काम आवाजाचं. हे कोणालाच नको असतं, म्हणून ते उरलेल्या माणसाकडे जातं. आम्ही सगळ्यात शांत मुलाला दिलं. एक कॉलर माईक आजीच्या पदराआड लावला (सुती साडी बरी, रेशमी सळसळते), रेकॉर्डर वेगळा, आणि हेडफोन सतत कानावर. त्यानं ‘थांबा’ म्हटलं की सगळ्यांनी थांबायचं, मी सुद्धा. त्यानंच फ्रिज बंद केला आणि स्वतःच्या स्कूटरची किल्ली आत ठेवली. किल्लीशिवाय घरी जाता येत नाही, त्यामुळे फ्रिज पुन्हा सुरू करायला कोणी विसरत नाही. ही युक्ती जरूर वापरा. आईच्या दुधाचा प्रश्न असतो.

आवाज वेगळा टिपला की क्लॅप लागतोच. पाटी नसेल तर कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवा. हात जुळल्याचं चित्र आणि टाळीचा आवाज संकलनात एकावर एक बसवले की पुढचं सगळं जुळतं.

कंटिन्युइटी माझ्या चुलतबहिणीकडे होती. आजीचा चष्मा कुठल्या वाक्याला उतरला, चहाचा कप किती भरलेला होता, हे ती प्रत्येक शॉटनंतर लिहायची आणि फोटो काढून ठेवायची. जेवण, शेजाऱ्यांची परवानगी आणि पैसे एकाकडे. रात्री कार्डावरचं सगळं दोन वेगळ्या ठिकाणी उतरवणं एकाकडे. दोन्ही प्रती उघडून बघेपर्यंत कार्ड पुसायचं नाही.

कॅमेरा कोणाकडे द्यायचा हे शेवटी ठरलं. माझ्याकडे दिला नाही. दोन तास रुसलो होतो.

आमच्या घरापासून थोड्याच अंतरावर कलाभवन आहे. दादासाहेब फाळके तिथे शिकले. ‘राजा हरिश्चंद्र’ म्हटलं की १९१३ साल आणि फाळके एवढंच आपल्याला आठवतं. पण त्या चित्रपटात कॅमेऱ्यामागे त्र्यंबक तेलंग होते, आणि कच्च्या फिल्मला छिद्रं पाडण्यापासून सगळ्या मंडळींच्या स्वयंपाकापर्यंतची कामं सरस्वतीबाई फाळके बघत होत्या. एवढा मोठा माणूसही सगळं एकट्यानं करत नव्हता, मग मी कोण?

आमचा लघुपट पूर्ण झाला. बरा आहे. वांग्यांची गोष्ट दुसऱ्या वेळेसारखीच आहे, पाठ केलेली.

एक सांगायचं राहिलं. चित्रीकरण संपल्यावर त्या खोलीची नुसती शांतता मिनिटभर टिपायची असते. संकलनात दोन वाक्यांमधल्या फटी भरायला ती लागते. सगळे श्वास रोखून उभे होते. रेकॉर्डर चालू होता. झोपाळ्याची कडी बारीक कुरकुरत होती, आणि चाळिसाव्या सेकंदाला आजी हळूच म्हणाली, ‘अरे, आता बोलू का मी?’ आम्ही हसलो, ध्वनिवाला वैतागला, आणि पुन्हा एक मिनिट टिपलं.

मे महिन्यात घर पडलं. लघुपटात दुसरंच मिनिट वापरलं आहे. पहिलं अजून आहे, दोन ठिकाणी.