टॅपमधून नुसता फेस का येतो?

ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बिअर पीत नसाल तरी वाचा, कारण मुद्दा डीबगिंगचा आहे.

तर झालं असं. शुक्रवारची रात्र, पुण्यातला एक पब, मित्राचा वाढदिवस. ग्लास आला तो अर्धा फेसाचा. परत पाठवला. दुसराही तसाच. मी बारवरच्या पोराला जरा जोरातच म्हणालो, "दादा, ओतता येत नाही का?" तो हळूच म्हणाला, "सर, हातात काही नाहीये. फेकलेली बिअर माझ्याच नावावर लिहितात." मला कसंतरीच झालं. गर्दी ओसरल्यावर त्याला सॉरी म्हटलं आणि विचारलं, "हे चालतं कसं, दाखवशील?"

आत कोल्ड रूममध्ये स्टीलचे मोठे केग होते. केगच्या तोंडातून एक दांडी थेट तळापर्यंत जाते. वर कपलर बसवतात. त्याच्या एका वाटेने कार्बन डायऑक्साइड आत शिरतो आणि बिअरला वरून दाबतो. बिअर दांडीतून वर चढते आणि दुसऱ्या वाटेने नळीत जाते. म्हणजे इथे पंप नाही, सगळं काम गॅसच करतो. बार लांब असेल तर बिअरच्या नळ्यांना चिकटून थंड ग्लायकॉलची नळी फिरवतात आणि वरून जाड आवरण घालतात.

आता खरी गंमत. गॅस फक्त ढकलत नाही, बिअरमध्ये विरघळलेला गॅस तो आतच धरूनही ठेवतो. ३ अंश सेल्सिअसला त्यासाठी साधारण ११-१२ पीएसआय दाब पुरतो. कारच्या टायरमध्ये याच्या अडीच-तीन पट असतो. पण तीच बिअर १० अंशांवर गेली की १८च्या आसपास लागतो. तेवढा दिला नाही, तर गॅस नळीतच सुटायला लागतो. उन्हात राहिलेली सोड्याची बाटली उघडल्यावर काय होतं, आठवा.

मग दाब वाढवायचा का? तेही जमत नाही. नळीची लांबी आणि जाडी अशी ठरवलेली असते, की घासत घासत दाब उतरावा आणि टॅपपाशी बिअर शांतपणे बाहेर यावी. दाब वाढवला की ती उसळून येते, म्हणजे पुन्हा फेस. तापमान, दाब, नळी या तिघांचं गणित एकत्रच जुळावं लागतं.

मी विचारलं, "हा केग कधी आला?" "आज दुपारी, टेम्पोतून." घ्या, सापडला बग! भरलेला मोठा केग आतपर्यंत गार व्हायला जवळपास एक दिवस लागतो. त्यात फेस दिसला म्हणून कुणीतरी रेग्युलेटर फिरवून दाब आणखी कमी केला होता. लक्षण बघून पॅच मारला आणि आजार वाढला. आपणही प्रॉडक्शनमध्ये हेच करतो ना?

अजून दोन गोष्टी. नळ्या साधारण दर दोन आठवड्यांनी केमिकलने धुवाव्या लागतात, नाहीतर चव आंबट किंवा लोण्यासारखी लागते. आणि कोल्ड रूममध्ये गॅसचा अलार्म हवाच. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो बंद खोलीत खाली साचतो आणि आत गेलेल्या माणसाच्या जिवावर बेतू शकतं. तिथे अलार्म होता, हे बघून बरं वाटलं.

निघताना मॅनेजरना सगळं सांगितलं. आदल्या दिवशीचा गार केग लावला, दाब जागेवर आणला. त्या पोराने ग्लास तिरका धरला, टॅप पूर्ण उघडला आणि वर दोन बोटं फेस ठेवून ग्लास माझ्यासमोर ठेवला. मॅनेजर त्याला म्हणाले, "आजचं तुझ्या नावावर नको लिहूस."

पुढच्या वेळी ग्लासात फेस आला, तर ओतणाऱ्यावर ओरडण्याआधी विचारा, "केग कधी आला?" भेटू पुढच्या भागात!