एक गड गोष्टीचा, एक गड तारखेचा

दोस्तांनो, पेण म्हटलं की तुम्हाला गणपती आठवतात आणि रोहा म्हटलं की कुंडलिका नदी. पण या दोन गावांजवळ दोन गड आहेत, त्यांची ओळख आहे का तुमची?

पेणच्या ईशान्येला सांकशीचा किल्ला आहे. हा गड म्हणे सांक नावाच्या राजाने बांधला. कर्नाळ्याच्या राजाशी त्याची लढाई जुंपली आणि तीत सांक राजा मारला गेला. ते कळताच त्याच्या मुलीने, जगमातेने, गडावरून उडी घेतली. जगमातेचं देऊळ आजही तिथे आहे. पायथ्याशी बद्रुद्दीन बाबांचा दर्गा आहे. त्यावरून या गडाला ‘बद्रुद्दीनचा किल्ला’ असंही म्हणतात. एका डोंगराला दोन नावं, एक राजाचं आणि दुसरं अवलियाचं!

हे सारं घडलं कधी? गोष्टीत सालच नाही! इतिहासात मात्र १५४० साली सांकशीचं नाव भेटतं. त्या वर्षी गुजरातच्या सुलतानाच्या फौजेने सांकशी आणि कर्नाळा हे दोन्ही किल्ले निजामशहाकडून घेतले. गंमत पाहा, गोष्टीतही कर्नाळा आणि इतिहासातही कर्नाळा! यावरून जगमातेची गोष्ट खरी ठरत नाही. पण या दोन गडांचं भांडण एकमेकांशी जोडलेलं आहे, एवढं लोकांनी पक्कं लक्षात ठेवलं.

आता रोह्याकडे वळू. पिंगळसईहून दाट झाडीतून वर चढलं की अवचितगड लागतो. तिथल्या बुरुजावरच्या शिलालेखात तारीख चक्क कोरून ठेवली आहे: शके १७१८, नळनाम संवत्सर, चैत्र शुद्ध प्रतिपदा. शकात ७८ मिळवा. किती झाले? १७९६! आणि चैत्र शुद्ध प्रतिपदा म्हणजे गुढीपाडवा. दोनशेहून जास्त वर्षांपूर्वीचा एक पाडवा त्या दगडात अजून जपलेला आहे. पण त्या सकाळी गडावर कोण कोण होतं, कोणाच्या हातात छिन्नी होती, ते काही दगड सांगत नाही.

म्हणजे एका गडाला गोष्ट आहे, पण तारीख नाही. दुसऱ्याला तारीख आहे, पण तिच्यामागची गोष्ट नाही. दोन्ही जपायला हव्यात. दगडावर कोणी रंग फासला, आपलं नाव खरडलं, की अक्षरं जातात. आणि गोष्ट सांगणारी आजी गेली की गोष्टही तिच्याबरोबर जाते. तिची दुसरी प्रत कुठेच नसते.

तेव्हा गडावर जाल तेव्हा वही घेऊन जा. पायथ्याच्या गावात कोणा आजी-आजोबांजवळ बसा. गोष्ट ऐका, त्यांच्याच शब्दांत लिहून काढा. आणि हो, खाली गाव आणि तारीख घालायला विसरू नका!