ख्रिस्तेतरांचे पुण्य आणि ख्रिस्ती पापविचार

झाशी शहराच्या सिविल लाइंस भागात संत ज्यूड यांचे तीर्थमंदिर आहे. ज्यांच्या साऱ्या आशा मावळल्या आहेत अशांचा कैवारी म्हणून या संताची कॅथलिक जगात ख्याती आहे. दर वर्षी २८ ऑक्टोबरला त्यांच्या सणानिमित्त येथे यात्रेकरूंची दाटी होते आणि त्यांत ख्रिस्ती नसलेले लोकही असतात. ते मेणबत्ती लावतात, आपले मागणे मागतात आणि पुन्हा आपापल्या घरी, आपापल्या धर्माकडे परत जातात. त्यांपैकी कितीतरी जण सत्यवचनी असतील, आईबापांची सेवा करीत असतील, शेजाऱ्याच्या अडचणीला धावून जात असतील. अशा माणसांच्या सद्‌गुणांविषयी ख्रिस्ती धर्मशास्त्र काय म्हणते? बाप्तिस्मा न घेतलेला मनुष्य खऱ्या अर्थाने नीतिमान असू शकतो काय? असू शकत असेल, तर तोही पापी आहे असे ख्रिस्ती धर्म कोणत्या अर्थाने म्हणतो?

हे प्रश्न ख्रिस्ती धर्माला बाहेरून विचारले गेले, तसे आतूनही विचारले गेले. दोन्ही बाजूंनी ते विचारण्याचा योग ज्यांच्या वाट्याला आला, अशा थोड्या पुरुषांपैकी एक याच बुंदेलखंडात जन्मला. झाशीच्या पूर्वेस असलेल्या काशीपुरा या गावी १८२५ साली नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांचा जन्म झाला. घराणे चित्पावन ब्राह्मणांचे; आजोबा बांद्याच्या नबाबाच्या पदरी होते. पुढे कुटुंब काशीस स्थायिक झाले आणि नीळकंठशास्त्र्यांचे अध्ययन तेथेच झाले. त्यांनी हा प्रश्न प्रथम ख्रिस्ती धर्माचा प्रतिपक्षी म्हणून विचारला आणि नंतर ख्रिस्ती धर्मगुरू होऊन त्याचे उत्तर शोधण्यात आयुष्य वेचले. मात्र त्यांच्या वादाकडे वळण्यापूर्वी मूळ संकल्पना स्पष्ट करून घेणे अगत्याचे आहे.

एक शब्द, दोन अर्थ

मराठीत ‘पाप’ हा शब्द उच्चारला की सामान्यतः एखादे विशिष्ट कृत्य डोळ्यांपुढे येते. कोणी खोटे बोलला, कोणी दुसऱ्याचे धन लुबाडले, ते पाप. पापाच्या जोडीला पुण्य असते आणि दोहोंचा जणू जमाखर्च मांडता येतो. प्रत्येक कर्माचे फळ कर्त्याला या जन्मी किंवा पुढील जन्मी भोगावे लागते. सोळाव्या-सतराव्या शतकांत गोव्यातील पाद्र्यांनी आणि पुढे एकोणिसाव्या शतकात मुंबई-पुण्याच्या मिशनऱ्यांनी आपला विचार सांगण्यासाठी हाच शब्द उचलला. परंतु त्यांना अभिप्रेत असलेला अर्थ निराळा होता.

ख्रिस्ती विचारात पाप हे प्रथमतः कृत्य नसून अवस्था आहे. ईश्वर आणि मनुष्य यांच्यातील संबंध दुरावला, ही ती अवस्था होय. खोटेपणा, हिंसा, लोभ ही त्या दुराव्याची फळे होत. बायबलातील नव्या कराराच्या मूळ ग्रीक भाषेत पापासाठी जो शब्द प्रामुख्याने येतो, त्याचा मूलार्थ नेम चुकणे असा आहे. नेम चुकलेला बाण थोडा चुकला काय किंवा फार चुकला काय, लक्ष्यावर लागला नाही एवढे खरे. म्हणून या विचारात पुण्याची रास पापाच्या राशीसमोर ठेवून खाते मिटवता येत नाही. दुरावलेला संबंध ईश्वराने आपण होऊन जोडावा लागतो. त्यालाच ‘कृपा’ असे नाव आहे.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. सर्व माणसे पापी आहेत, या ख्रिस्ती विधानाचा अर्थ ख्रिस्तेतर माणसे दुराचारी आहेत असा नाही. हे विधान बिशपला जितके लागू आहे तितकेच यात्रेकरूलाही. त्यात ख्रिस्ती व ख्रिस्तेतर असा भेद मुळात नाहीच.

अंतःकरणावर लिहिलेला नियम

प्रेषित पौलाने रोम येथील ख्रिस्ती मंडळीस लिहिलेल्या पत्रात दोन्ही बाजू एकत्र आढळतात. सर्वांनी पाप केले आहे, असे तो म्हणतो. परंतु त्याआधीच तो सांगतो की, ज्या लोकांना मोशेचे नियमशास्त्र मिळाले नाही तेही पुष्कळदा त्या नियमाप्रमाणे वागतात, कारण त्या नियमाचा आशय त्यांच्या अंतःकरणावर लिहिलेला असतो आणि त्यांची सदसद्विवेकबुद्धी त्याची साक्ष देते. प्रेषितांच्या कृत्यांच्या पुस्तकात कर्नेल्य नावाच्या रोमन शताधिपतीची कथा आहे. तो बाप्तिस्मा घेण्यापूर्वीच दानधर्म करणारा व प्रार्थनाशील होता, आणि ईश्वर पक्षपाती नाही हे पेत्राला त्याच्याच घरी उमगले. तथापि कथा तेथे संपत नाही. पेत्र त्याला ख्रिस्ताची वार्ता सांगतो आणि बाप्तिस्मा देववितो. त्याचा सदाचार खरा होता, तरीही त्याला आणखी काही मिळावयाचे होते. पुढील सर्व वाद या ‘तरीही’भोवती फिरत राहिला आहे.

ऑगस्टीनची कठोरता, अक्वायनसचा समतोल

पाचव्या शतकाच्या आरंभी पेलाजियस या तपस्व्याने असे मांडले की, मनुष्य आपल्या इच्छाशक्तीच्या बळावर निष्पाप जीवन जगू शकतो. संत ऑगस्टीन यांनी (३५४–४३०) त्याला कडाडून विरोध केला. आदामापासून मनुष्यजात जखमी झाली असून कृपेवाचून कोणाचीही इच्छा खऱ्या हिताकडे वळत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. प्राचीन रोमन लोकांचे शौर्य व त्याग त्यांनी नाकारले नाहीत. मात्र त्या गुणांमागे कीर्तीची हाव होती आणि कीर्तीसाठी जोपासलेला गुण हा पूर्ण अर्थाने सद्‌गुण नव्हे, असे त्यांनी म्हटले. ख्रिस्तेतरांचे सद्‌गुण म्हणजे ‘झळाळणारे दुर्गुण’ होत, हे वचन त्यांच्या नावावर खपवले जाते. ते त्यांच्या ग्रंथांत आढळत नाही.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी अधिक सौम्य भूमिका घेतली. पापाने मानवी स्वभाव दुबळा झाला, पण तो समूळ नासला नाही. आजारी मनुष्य काही हालचाली स्वतः करू शकतो, मात्र निरोगी माणसाप्रमाणे सर्व हालचाली त्याला साधत नाहीत. तशीच मानवी स्वभावाची स्थिती आहे. तेव्हा अश्रद्ध माणसाचे प्रत्येक कृत्य पाप ठरत नाही, असा त्यांनी निर्वाळा दिला. पुढे पोप पाचवे पायस यांनी १५६७ साली, ख्रिस्तेतरांची सर्व कृत्ये पापमय असतात आणि तत्त्वज्ञांचे सद्‌गुण हे दुर्गुणच होत, हे मत निषिद्ध ठरवले.

परंतु नीतिमत्ता मान्य करणे वेगळे आणि तारण मान्य करणे वेगळे. फ्लॉरेन्सच्या परिषदेने १४४२ साली जाहीर केले होते की, चर्चबाहेर राहिलेला मनुष्य कितीही दानधर्म करो, त्याला तारण नाही. प्रॉटेस्टंट पंथांनीही येथे फारशी सवलत दिली नाही. इंग्लंडच्या चर्चच्या एकोणचाळीस कलमांतील तेरावे कलम म्हणते की, कृपेपूर्वी केलेली कृत्ये ईश्वराला संतोष देत नाहीत व त्यांत पापाचा अंश असतो. नीळकंठशास्त्र्यांच्या काळी काशीत ख्रिस्ती धर्म येऊन ठेपला, तो याच चर्चच्या मिशनऱ्यांच्या द्वारे.

काशीच्या पंडिताचे आक्षेप

ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील संस्कृतज्ञ जॉन म्यूर यांनी १८३९ साली ‘मतपरीक्षा’ हा संस्कृत ग्रंथ प्रसिद्ध करून ख्रिस्ती धर्माचे श्रेष्ठत्व मांडले. त्याला तीन पंडितांनी संस्कृतातच उत्तरे दिली. त्यांपैकी ‘सोमनाथ’ या नावाने लिहिणारे गृहस्थ म्हणजे सीहोरचे ज्योतिषी सुबाजी बापू होत, असे अभ्यासक मानतात. ईश्वराने ज्याला जो धर्म दिला तो त्याच्यासाठी योग्यच आहे, असा त्यांचा उदार पवित्रा होता. तिसरे उत्तर अवघ्या विशीतल्या नीळकंठशास्त्र्यांचे. त्यांच्या ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ या ग्रंथाने मात्र थेट वर्मावर बोट ठेवले.

ख्रिस्ती माणूस पूर्वजन्म मानीत नाही. मग एक मूल आंधळे जन्मते आणि दुसरे डोळस, याला कारण कोणते? मुक्या प्राण्यांनी कोणता अपराध केला म्हणून ते यातना भोगतात? ज्याच्या कानी ख्रिस्ताचे नाव कधी पडलेच नाही, त्याला ते नाव न घेतल्याबद्दल शिक्षा कशी? साठ-सत्तर वर्षांच्या आयुष्यातील मर्यादित अपराधाला अनंत काळचा नरक, हा कोणता न्याय? कर्मसिद्धान्तात प्रत्येक दुःखाला कारण असते आणि प्रत्येक जिवाला पुन्हा संधी असते. तेव्हा ज्या धर्मात हे दोन्ही नाही, त्याचा ईश्वर दयाळू व न्यायी कसा म्हणावा?

हे आक्षेप पोरकट नव्हते. ख्रिस्तेतर मनुष्य नीतिमान असू शकतो की नाही, हा त्यांचा रोख नव्हताच. तो नीतिमान असूनही ते पुरेसे का नाही, आणि पुरेसे नसेल तर ईश्वराच्या न्यायाचे काय, हा खरा प्रश्न होता.

उत्तर शोधणारा धर्मगुरू

पुढे मिशनऱ्यांशी वाद घालता घालता नीळकंठशास्त्र्यांचे मन पालटले. १८४८ साली जौनपूर येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला व नेहेम्या हे नाव धारण केले. १८६० साली प्रसिद्ध झालेल्या ‘षड्दर्शन दर्पण’ या हिंदी ग्रंथात त्यांनी स्वतःच्याच जुन्या आधारांची तपासणी केली. अद्वैत वेदान्तात पाप-पुण्याचा भेद केवळ व्यवहारापुरता उरतो आणि परमार्थतः नाहीसा होतो, हे त्यांना आता अमान्य होते. पाप खरे आहे, म्हणून क्षमाही खरी असली पाहिजे, या निष्कर्षाप्रत ते आले.

तरी जुना प्रश्न सुटला नव्हता. १८६८ साली त्यांनी अनंत दंडाच्या सिद्धान्तावरील आक्षेपांविषयी स्वतंत्र पुस्तिका लिहिली. आता ते त्या सिद्धान्ताचे समर्थन करीत होते. पण ज्या आक्षेपांना ते उत्तर देत होते, ते तरुणपणी त्यांनी स्वतःच मांडलेले होते. ज्याचे सारे पूर्वज आणि बहुतेक आप्त चर्चबाहेरचे होते, त्याला हा केवळ पंडिती वाद वाटणे शक्यच नव्हते.

आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांच्या लेखनात एक निराळा सूर उमटला. अनन्यभक्ती, वैराग्य, नम्रता, क्षमा या कल्पना हिंदूंच्या मनात ईश्वरानेच रुजवल्या असून त्यांच्याद्वारे त्याने त्यांना ख्रिस्ताच्या स्वीकारासाठी तयार केले, असे ते म्हणू लागले. हे पूर्ण समानतेचे विधान नव्हे. परंतु ख्रिस्तेतरांच्या सद्‌गुणांचा उगमही ईश्वरी कृपेतच आहे, ही कबुली त्यात आहे. १८९५ साली मुंबईत त्यांचे देहावसान झाले. त्याच वर्षी नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो ते तुकारामांच्या आधाराने, असे टिळक उघडपणे सांगत. यात नवल नाही. वारकरी संत स्वतःला पतित म्हणवून घेतात आणि देवाला पतितपावन म्हणतात, तेव्हा पापपुण्याचा जमाखर्च मागे पडतो व ख्रिस्ती अर्थाने ज्याला पाप म्हणतात त्याच्या अगदी निकट आपण येतो.

आजची भूमिका

कॅथलिक चर्चमध्येही हा प्रश्न हळूहळू नव्या प्रकाशात पाहिला गेला. अमेरिका खंडाचा शोध लागल्यावर, ज्यांना ख्रिस्ताविषयी कोणी सांगितलेच नव्हते त्यांचा अविश्वास दोषास्पद नाही, असे स्पेनमधील फ्रान्सिस्को दे व्हितोरिया यांनी सांगितले. पोप नववे पायस यांनी १८६३ साली अपरिहार्य अज्ञानात असलेल्या सदाचारी माणसाला तारण शक्य असल्याचे मान्य केले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) हे अधिक स्पष्ट केले. स्वतःचा दोष नसताना ज्यांना शुभवार्ता ठाऊक नाही, पण जे प्रामाणिकपणे ईश्वराचा शोध घेतात आणि कृपेच्या प्रेरणेने सदसद्विवेकबुद्धीला अनुसरून वागण्याचा प्रयत्न करतात, त्यांनाही तारण लाभू शकते, असे परिषदेने १९६४ साली म्हटले. इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे त्याचा चर्च अव्हेर करीत नाही, असे तिने पुढल्या वर्षी घोषित केले. त्याचबरोबर तारणकर्ता ख्रिस्त एकच, या श्रद्धेचा २००० साली रोमने पुनरुच्चार केला. अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या मात्र ख्रिस्तावरील प्रकट विश्वास आवश्यक मानतात. तेव्हा ख्रिस्ती जगाचे या बाबतीत एकमत आहे असे म्हणता येणार नाही.

पण दोन गोष्टींविषयी मुख्य परंपरा ठाम राहिली आहे. नीतीची जाण ही कोणा एका धर्माची मिरास नाही. आणि केवळ नीतीच्या बळावर आपण ईश्वराचे ऋण फेडले, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही, ख्रिस्ती माणसाला तर नाहीच नाही. झाशीच्या तीर्थमंदिरात शेजारी शेजारी मेणबत्ती लावणारे ख्रिस्ती व ख्रिस्तेतर या दुसऱ्या गोष्टीत एकाच पायरीवर उभे असतात. आंधळ्या मुलाविषयी तरुण पंडिताने विचारलेला प्रश्न मात्र त्या दोघांसाठीही उरतोच.