तबकडी कपाटात, चित्रपट संगणकात: जपायचं ते नेमकं काय?

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने सिनेमाच्या डीव्हीडी कॉम्प्युटरवर कशा साठवाव्यात यावर बोलावं, हे काहींना चमत्कारिक वाटेल. पण हा प्रश्न दिसतो तितका केवळ यंत्राचा नाही, म्हणून आज आपण तो घेतला आहे.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी टीव्हीखालच्या कप्प्यात किंवा माळ्यावरच्या खोक्यात व्हीसीडी आणि डीव्हीडी पडून आहेत. नव्या लॅपटॉपला बहुधा त्या घालायला जागाच नसते. मग घरातली तरुण मंडळी सुचवतात, सगळं हार्ड डिस्कवर टाका आणि खोकी रिकामी करा. आम्हीही तेच केलं आणि चुकलो. ती चूक आधी सांगतो, कारण आजचा प्रश्न तिच्यातूनच निघाला.

आमच्याकडे सुमारे दोनशे तबकड्या होत्या. जागा वाचावी म्हणून आम्ही प्रत्येक डीव्हीडीचं आकुंचन करून एकेक लहान फाइल तयार केली. चित्र ठीक दिसत होतं, आवाज येत होता. मोठ्या समाधानाने बरीचशी खोकी रद्दीवाल्याला देऊन टाकली. पुढे दिवाळीत आमची थोरली ताई राहायला आली. तिला आता ऐकू कमी येतं. सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’ लावला. पाच मिनिटांत ताई म्हणाली, “खाली अक्षरं येत नाहीत का रे?” येत नव्हती. डीव्हीडीवर सबटायटल्स बहुधा चित्रात मिसळलेली नसतात. चित्राचा एक प्रवाह, आवाजाचे एक किंवा अनेक, आणि सबटायटल्सचा आणखी वेगळा. आकुंचन करताना तो शेवटचा प्रवाह आम्ही निवडलाच नव्हता. आणि तबकडी तर रद्दीत गेलेली. ताईने थोडा वेळ चित्रं पाहिली आणि मग ती उठून आत गेली.

आता सांगा, आम्ही चित्रपट साठवला होता की नव्हता?

आमच्या दृष्टीने साठवला होता, ताईच्या दृष्टीने नव्हता. म्हणजे ‘चित्रपटाची प्रत केली’ या साध्या वाक्यात एक निवड दडलेली असते: काय ठेवायचं आणि काय सोडायचं. ती निवड आपण जाणूनबुजून केली नाही, तर यंत्र ती आपल्या वतीने करून टाकतं. आजच्या बोलण्याचं सार एवढंच आहे. बाकीचं त्याचं स्पष्टीकरण.

प्रत करण्याचे तीन प्रकार आपण नीट वेगळे करू.

पहिला, जशीच्या तशी प्रत. तबकडीवरचा प्रत्येक आकडा क्रमाने उचलून एका फाइलमध्ये ठेवायचा. हिला आयएसओ फाइल म्हणतात. यात सुरुवातीचा मेनू, सगळ्या भाषांचे आवाज, सबटायटल्स, दिग्दर्शकाची मुलाखत असली तर तीही, सगळं येतं. एकपदरी डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात, दुपदरी असेल तर ८.५ जीबी.

दुसरा, पेटी बदलणं. चित्राला आणि आवाजाला हात न लावता, हवे ते प्रवाह उचलून दुसऱ्या पेटीत ठेवायचे. एमकेव्ही ही अशीच पेटी आहे. एका फाइलमध्ये चित्र, अनेक आवाज आणि अनेक सबटायटल्स एकत्र राहतात. मेनू जातो, पण दर्जा तसूभरही घटत नाही.

तिसरा, पुन्हा संकेतन, म्हणजे आम्ही केलेलं आकुंचन. डीव्हीडीवरचं चित्र एमपेग-२ पद्धतीने लिहिलेलं असतं. ते उलगडून एच.२६४ सारख्या नव्या पद्धतीने पुन्हा लिहायचं. फाइल पुष्कळ लहान होते, पण त्यासाठी काही तपशील कायमचा टाकला जातो. टाकलेलं परत मिळत नाही. मराठीत आपण ज्याला सारांश म्हणतो, तसंच हे. सारांश चांगला असू शकतो, पण सारांशावरून मूळ ग्रंथ पुन्हा लिहिता येत नाही.

इथे तत्त्वज्ञानातला एक जुना प्रश्न उभा राहतो. ‘मिलिंदप्रश्न’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजाला दिव्याचं उदाहरण देतो. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच की वेगळी? सर्वस्वी तीच नाही, सर्वस्वी वेगळीही नाही. एक अखंड सातत्य मात्र आहे. विसाव्या शतकात अमेरिकन तत्त्वज्ञ नेल्सन गुडमन यांनी १९६८ च्या आपल्या ग्रंथात कलाकृतींचे दोन वर्ग केले. रंगचित्राची कितीही हुबेहूब नक्कल केली तरी ती नक्कलच राहते. पण कवितेचा शब्द न् शब्द उतरवला, तर उतरवलेली कवितासुद्धा तीच कविता असते, कारण तिथे महत्त्व अक्षरांच्या क्रमाला आहे.

आपली आयएसओ फाइल या दुसऱ्या वर्गातली. आकड्यांचा क्रम तोच, तर प्रत तीच. तिसऱ्या प्रकारची फाइल मात्र ज्योतीसारखी: सातत्य आहे, पण तीच म्हणता येत नाही.

आणि तबकडी तरी ‘मूळ’ कुठे असते? चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित होतो. पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर तो बहुधा २५ चौकटींच्या वेगाने चालतो, म्हणजे १०० मिनिटांचा चित्रपट ९६ मिनिटांत संपतो. व्हीसीडीची गोष्ट आणखी वेगळी. तिच्या पाल चित्रात आडव्या ३५२ आणि उभ्या २८८ ठिपक्यांचीच जागा. एका तबकडीवर साधारण ७४ मिनिटं मावत, म्हणून मध्यंतराच्या आसपास उठून तबकडी बदलावी लागे. ही सगळी ज्योतींचीच मालिका आहे. म्हणून ‘मूळ काय’ यापेक्षा ‘आपल्या हातात आहे त्यातलं आणखी काही गळू द्यायचं का’ हा प्रश्न जास्त उपयोगाचा.

आता व्यवहाराकडे येऊ. एका डीव्हीडीचे सरासरी ६ जीबी धरले, तर दोनशे डीव्हीडींचे १२०० जीबी होतात. चार टीबीची एक हार्ड डिस्क घेतली तर सगळं जसंच्या तसं मावून निम्म्याहून अधिक जागा उरते. म्हणजे ज्या बचतीसाठी आम्ही सबटायटल्स घालवली, तिची गरजच नव्हती! व्हीसीडी तर आणखी सोप्या. तिच्यातल्या एमपेगएव्ही नावाच्या फोल्डरमधली मोठी डॅट फाइल म्हणजेच चित्रपट. व्हीएलसी प्लेअर ती चालवतो.

सुरुवात कुठून करायची? घरी लिहिलेल्या तबकड्यांपासून. बाजारातली तबकडी साच्यातून छापलेली असते, तिच्यावर बारीक खळगे असतात. घरी लिहिलेल्या डीव्हीडी-आर मध्ये रंगद्रव्याचा थर असतो आणि तो काळ, ऊन, उष्णता यांनी खराब होतो. लग्नाचं, मुलांच्या बारशाचं चित्रण बहुधा अशाच तबकडीवर असतं, आणि त्याची दुसरी प्रत जगात कुठेही नसते. तबकडी पुसायची तर मऊ कापडाने, मध्यापासून कडेकडे सरळ. गोल गोल नाही. तरीही वाचताना अडली, तर डीडीरेस्क्यू सारखी साधनं आधी चांगला भाग उचलतात आणि मग अडलेल्या जागी पुन्हा पुन्हा प्रयत्न करतात.

प्रत झाली की तिचा ठसा घ्यावा. एसएचए-२५६ ही गणिती रीत कितीही मोठ्या फाइलपासून ६४ चिन्हांची एक ओळ बनवते. फाइलमध्ये एक आकडा बदलला तरी ही ओळ पार बदलते. वर्षातून एकदा ठसे ताडून पाहिले, तर फाइल गुपचूप बिघडली का ते कळतं. मात्र हे ध्यानात ठेवा, ठसा ‘बदल झाला का’ एवढंच सांगतो. ‘योग्य तेच ठेवलं होतं का’ हे तो सांगू शकत नाही. आमच्या आकुंचित ‘पथेर पांचाली’चा ठसा आजही अगदी बिनचूक जुळेल.

शिवाय दुसरी हार्ड डिस्क हवीच. दोन डिस्कवर एकाच वेळी लिहिणारी आरशासारखी व्यवस्था पुरेशी नाही, कारण चुकून पुसलेली फाइल आरशातूनही त्याच क्षणी जाते. दुसरी डिस्क वेगळी, एरवी बंद, जमल्यास बँकेच्या लॉकरमध्ये. फोल्डरला चित्रपटाचं नाव आणि कंसात वर्ष द्यावं. कोडी किंवा जेलीफिन सारखी प्रणाली मग चित्रपट ओळखून घरातल्या टीव्हीवर यादी मांडते. पाहण्यासाठी एमकेव्ही, जपण्यासाठी आयएसओ, अशी विभागणी आम्हाला सोयीची वाटली.

मागच्या रांगेतून एका ताईंनी विचारलं आहे, हे कायद्यात बसतं का? प्रश्न योग्य आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये खासगी वापरासाठी रास्त व्यवहाराची मुभा आहे, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर अशा हेतूने इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवणंही तिच्यात आलं. त्याच दुरुस्तीने कलम ६५-अ आणलं. हक्कभंगाच्या हेतूने संरक्षक कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. बाजारातल्या बऱ्याच डीव्हीडींवर असं कुलूप असतं. संपूर्ण चित्रपटाची प्रत ‘रास्त’ ठरते का, हा अर्थ लावण्याचा प्रश्न आहे, आणि देशोदेशी त्याचं उत्तर वेगळं आहे. ब्रिटनने २०१४ मध्ये खासगी प्रतीला दिलेली मुभा तिथल्या न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केली. आमची नैतिक भूमिका साधी आहे: विकत घेतलेली तबकडी आपल्याकडेच राहावी, आणि प्रत घराबाहेर वाटली जाऊ नये. तबकडी विकायची आणि प्रत ठेवायची, हे दोन्हीकडून खाणं झालं. म्हणजे खोकी रद्दीत देण्यात आमची दुसरीही चूक होती.

शेवटी एक गोष्ट. ‘आलम आरा’ हा १९३१ चा आपला पहिला बोलपट. त्याची एकही प्रत आज हाती नाही. कुणी एके दिवशी बसून तो नष्ट करायचं ठरवलं नव्हतं. आपल्याकडचे कितीतरी जुने चित्रपट असेच गेले, कारण पुढे हे कुणाला लागेल, असा प्रश्न त्या वेळी पडला नाही. घरचं खोकं त्या मानाने फार लहान, पण प्रश्न तोच. प्रत करताना ‘मला काय दिसतं, मला काय ऐकू येतं’ एवढं पाहून भागत नाही. उद्या ही फाइल उघडणाऱ्याचे डोळे आणि कान वेगळे असतील, कदाचित ते आपलेच असतील.

ताईसाठी आम्ही ‘पथेर पांचाली’ची डीव्हीडी पुन्हा विकत आणली. या वेळी सगळे प्रवाह घेतले, आणि तबकडी कपाटात ठेवली आहे. रद्दीवाल्याकडे गेलेल्या बाकीच्यांमध्ये आणखी काय काय होतं, ते एकेक फाइल उघडून आम्ही अजून शोधतो आहोत.