गोठ्याच्या नोंदवहीत गाय कुठे आहे?

गोठ्याच्या नोंदवहीत दूध असते. सकाळचे लिटर, संध्याकाळचे लिटर, फॅट, एसएनएफ, पेंडीचा खर्च, रेतनाची तारीख. गाय दिवसाकाठी किती तास बसली, उठताना तिचा पाय कुठे घसरला, तहान लागली तेव्हा समोर पाणी होते का, या गोष्टींना तिथे रकानाच नसतो. पशुवैद्यकीय पदवी साडेपाच वर्षांची, आणि त्यातले शेवटचे वर्ष आंतरवासितेचे. परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय असो की शिरवळचे, विद्यार्थी त्या वर्षात औषधोपचार, कृत्रिम रेतन, अडलेली गाय सोडवणे शिकतो, आणि ते त्याला यायलाच हवे. पण त्यातले काही आठवडे त्याने एकाच गोठ्यावर थांबून, हातात सुई न धरता, फक्त जनावरे कशी जगतात याची मोजदाद करावी असे मला ठामपणे वाटते. आज हे काम गोठ्यावर कोणाच्याच वाट्याला आलेले नाही.

जनावराचे सुख मोजायचे कसे, हा प्रश्न जुना आहे. ब्रिटनमध्ये रूथ हॅरिसन यांच्या १९६४ च्या ‘ॲनिमल मशिन्स’ या पुस्तकाने खळबळ उडाली, सरकारला समिती नेमावी लागली आणि १९६५ च्या ब्रॅम्बेल अहवालाने निदान एवढे मान्य केले की बांधलेल्या जनावराला उभे राहता, बसता, वळता, अंग चाटता आणि पाय ताणता आले पाहिजेत. त्यातून पुढे ‘पाच स्वातंत्र्ये’ आली: भूक-तहानेपासून, अस्वस्थतेपासून, दुखण्या-आजारापासून, भीतीपासून सुटका, आणि स्वभावाप्रमाणे वागण्याची मुभा. विद्यार्थ्याला मात्र तत्त्वांपेक्षा खुणा लागतात, आणि त्या गायीच्या अंगावरच असतात. दुभती गाय सोय असेल तर दिवसाचे दहा ते चौदा तास बसून काढते. टणक, ओल्या फरशीवर ती बसायचे टाळते, आणि बसलीच तर मागच्या पायांचे सांधे सोलवटतात, सुजतात. चालीला १ ते ५ गुण देतात: उभी असताना पाठ सरळ, पण चालताना बाक येतो, ती गाय दुसऱ्या पायरीवर आली. श्वास मिनिटाला साठाच्या पुढे गेला की उष्णतेचा ताण समजावा. हात पुढे करून सावकाश जवळ गेल्यावर गाय किती अंतरावरून मागे सरते, यावरून तिला माणसाचा हात कसा ठाऊक आहे ते कळते. यातल्या एकाही गोष्टीला महागडे यंत्र लागत नाही, लागतो तो वेळ.

‘गाय दूध देते म्हणजे ती सुखी आहे,’ हा यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप. त्यात अर्धे खरे आहे. उपाशी, तापलेली, घाबरलेली गाय आटते. पण दुधाचा आकडा मुख्यतः वंश आणि खुराक ठरवतात, आणि जास्त दूध देणाऱ्या गायींनाच कासदाह नि खुरांची दुखणी जास्त गाठतात. शरीर झिजवूनही ती काही काळ भरपूर दूध देत राहते. संकरित होल्स्टीनचे मूळ रक्त उत्तर युरोपच्या थंड हवेतले. पंचवीस अंश तापमान आणि पन्नास टक्के आर्द्रता आपल्याला सुखाची वाटते, पण तिचा ताण तिथूनच सुरू होतो. मग आपल्याकडच्या एप्रिलचे काय सांगावे! ‘आमची जनावरे आम्हाला कळतात,’ हेही शेतकरी मनापासूनच म्हणतो. मात्र रोजची सवय डोळ्याला बोथट करते. ब्रिटनमधल्या एका पाहणीत शेतकऱ्यांनी सांगितलेले लंगड्या गायींचे प्रमाण संशोधकांना आढळलेल्या प्रमाणाच्या जेमतेम चौथाई भरले. ते शेतकरी निष्काळजी होते असे नाही. हळूहळू वाढणारे लंगडणे रोज पाहणाऱ्याला दिसत नाही, एवढाच त्याचा अर्थ. नव्या नजरेच्या विद्यार्थ्याचे कच्चेपण इथे उपयोगी पडते. फक्त त्याने आधी गुण देण्याचा सराव करावा, आणि त्याच गायींना दुसऱ्या कोणी दिलेले गुण आपल्याशी जुळतात का ते तपासावे.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो झटकून टाकण्याजोगा नाही. दुधाचा दर पडला की चार गायींच्या मालकाला पेंड परवडत नाही, त्याला रबरी मॅट आणि पंखे कुठले सांगायचे? पण पश्चिम महाराष्ट्रात रुळत चाललेला मुक्तसंचार गोठा पाहा. कुंपण, सावली, कोरडी जमीन आणि चोवीस तास भरलेला हौद, एवढ्यावर तो उभा राहतो, आणि सोडा-बांधायचे नि पाणी दाखवायचे कष्ट वाचतात. दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असते. दावणीला बांधून दोन-तीन वेळा पाणी दाखवलेली गाय तहान मारून दूध देते, हे नोंदींतून दिसले की हौदाचा खर्च जड वाटत नाही. अर्थात प्रत्येक सुधारणा पैशात वसूल होत नाही. संकरित गायीच्या गोऱ्ह्याचेच घ्या. ट्रॅक्टर आल्यावर त्याला काम उरले नाही, २०१५ पासून राज्यात बैल-वळूंच्या कत्तलीवर बंदी आहे, म्हणून गिऱ्हाईकही नाही. त्याच्या तोंडचे दूध कमी करण्यात मालकाचा हिशेब चुकत नाही, वासरू मात्र खंगते. लिंगनिर्धारित रेतमात्रांनी असे जन्म कमी होतील, पण जन्मलेल्यांचे काय? किती वासरे जन्मली, त्यांतले नर किती, महिन्याने किती जगली, हा रकाना विद्यार्थ्याने सर्वांत आधी आखावा.

अशा नोंदींची भीती वाटणेही स्वाभाविक आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात अवाजवी आखूड दाव्याने अवाजवी काळ बांधून ठेवणे हा गुन्हाच आहे, आणि असे दावे गोठ्यागोठ्यांत सापडतील. वही तक्रारीचे हत्यार होणार असेल तर उद्या कोणी गोठ्याचे फाटक उघडणार नाही. म्हणून मालकाचे नाव अहवालात नसावे, निष्कर्ष त्याला आधी वाचून दाखवावेत, आणि दावे लांब केल्यावर किंवा हौद बांधल्यावर काही आठवड्यांनी त्याच गायींची तीच मोजणी पुन्हा करावी.