भाडेकरू पाहताना

‘जागा भाड्याने देणे आहे’ अशी पाटी लागली की आमचा नांदेड-लातूरकडचा घरमालक वरमाईहून चोखंदळ होतो. नोकरी कुठे, पगार किती? मिळकत भाड्याच्या तिप्पट हवी! पण लातुरात शिकवणीसाठी खोली मागणाऱ्या पोराचा बाप बहुधा शेतकरी. त्याला कसला आला पगार? सोयाबीन विकले की पैसा, एरवी उधारी. त्याच्याकडून सुगीला सहा महिन्यांचे भाडे एकदम घ्यावे की! आडनावावरून जात हुंगणाऱ्यांचे मला नवल वाटते. भाडे काय जात भरते? ‘माणसे किती?’ हा प्रश्न मात्र रास्त. २०१६ साली मिरजेहून आगगाडीने आलेले पाणी लातूरकर कसे विसरतील?

आणि करार? मराठवाड्यात पूर्वी हैदराबादचा १९५४ चा भाडेकायदा होता. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा आला. त्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे करार लेखी व नोंदलेला हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. कागद नसला तर वादात भाडेकरूचे म्हणणे धरले जाते; ते खोटे ठरवणे मालकाकडे. शिवाय ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड, प्रसंगी दोन्ही. पगाराचा दाखला तीनदा उलटून पाहणारे आमचे कितीतरी घरमालक या कागदाचे नाव काढले की म्हणतात, “बघू हो दिवाळीनंतर!”