खेळ रचण्याची साधने

पडद्यावर एक चेंडू खाली येतो, फळीवर आदळतो आणि पुन्हा वर उसळतो. खेळणाऱ्याला यात काही नवल वाटत नाही. परंतु संगणकाच्या लेखी तेथे चेंडूही नसतो आणि फळीही नसते. असतात ते केवळ आकडे. चेंडू आडव्या व उभ्या दिशेने कोठे आहे हे दोन आकडे सांगतात, त्याची गती व रोख आणखी दोन आकडे सांगतात. आणि सेकंदातून तीस किंवा साठ वेळा हे आकडे बदलून चित्र नव्याने काढले जाते. चेंडू फळीला लागला की नाही, याचीही तपासणी त्या प्रत्येक वेळी करावी लागते. एवढा सगळा खटाटोप पहिल्या अक्षरापासून लिहून काढावयाचा, तर त्यासाठी गणिताची आणि आज्ञावली लिहिण्याची बरीच तयारी लागते. ज्याच्या मनात खेळाची उत्तम कल्पना आहे, त्याच्यापाशी ती तयारी असेलच असे नाही. नवशिक्यांसाठी निर्माण झालेल्या साधनांचा इतिहास हा ही दरी बुजविण्याच्या प्रयत्नांचा इतिहास आहे.

त्याचा आरंभ 1964 साली अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात झाला असे म्हणता येईल. जॉन केमेनी आणि टॉमस कर्ट्झ या गणिताच्या दोन प्राध्यापकांनी ‘बेसिक’ ही संगणकभाषा तयार केली, ती विज्ञानाचे शिक्षण न घेणाऱ्या विद्यार्थ्यांनाही संगणक वापरता यावा म्हणून. विद्यार्थ्यांनी तिचा उपयोग लवकरच खेळ रचण्याकडे केला. 1973 साली डेव्हिड अहल यांनी अशा 101 खेळांच्या आज्ञावली एका पुस्तकात छापल्या. वाचकाने त्या ओळीमागून ओळ स्वतः टंकित करावयाच्या, आणि एखादा स्वल्पविराम राहून गेला की खेळ अडलाच! त्या चुकीच्या शोधात मात्र पुष्कळांना आज्ञावलीचे मर्म उमगले. नक्कल करून शिकण्याची ही रीत आपल्याकडच्या कित्ता गिरविण्याच्या रीतीहून फारशी वेगळी नव्हती.

1983 साली बिल बज यांचे ‘पिनबॉल कन्स्ट्रक्शन सेट’ हे साधन बाजारात आले आणि टंकित करण्याची गरजच उरली नाही. पडद्याच्या एका बाजूस पिनबॉलचे सुटे भाग मांडलेले असत. हाताच्या आकाराच्या दर्शकाने ते उचलावयाचे आणि मेजावर हवे तेथे ठेवावयाचे. गुरुत्वाकर्षण कमीअधिक करण्याचीही सोय होती. तयार झालेला खेळ फ्लॉपीवर साठवून मित्राला देता येई. यात एकच उणीव होती, पण ती मूलभूत होती: या साधनातून पिनबॉलखेरीज दुसरा खेळ होऊ शकत नसे. साधन जितके सोपे, तितके त्याचे अंगण लहान, हा पेच तेव्हापासून आजतागायत कायम आहे.

या पेचातून काढलेली सर्वांत विचारपूर्वक वाट म्हणजे ‘स्क्रॅच’. सीमोर पॅपर्ट यांनी सहकाऱ्यांसमवेत 1967 साली ‘लोगो’ ही मुलांसाठीची संगणकभाषा घडविली होती. संगणकाने मुलाला शिकवावयाचे नाही, तर मुलाने संगणकाला शिकवावयाचे, ही तिच्यामागील भूमिका. तोच धागा पुढे नेऊन मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत मिचेल रेझ्निक आणि त्यांच्या गटाने ‘स्क्रॅच’ तयार केले व 2007 साली ते सर्वांना विनामूल्य खुले केले.

स्क्रॅचमध्ये प्रत्येक आज्ञा हा एक रंगीत ठोकळा असतो. ठोकळ्यांना खाचा असतात. जुळणारे ठोकळेच एकमेकांत बसतात. त्यामुळे स्वल्पविराम राहण्याची चूक येथे संभवतच नाही. खेळाचा रंगमंच 480 एकक रुंद आणि 360 एकक उंच असून त्याच्या मध्यबिंदूला शून्य मानलेले असते. समजा, वरून पडणारी फळे टोपलीत झेलण्याचा खेळ करावयाचा आहे. डाव्या बाणाची कळ दाबली असता टोपलीच्या आडव्या स्थानातून 10 वजा करावयाचे, उजव्या बाणाची दाबली असता 10 मिळवावयाचे. फळ रंगमंचाच्या माथ्याशी कोठेतरी, यदृच्छेने, ठेवावयाचे आणि त्याच्या उभ्या स्थानातून पुनःपुन्हा 5 वजा करीत राहावयाचे, म्हणजे ते पडू लागते. टोपलीला स्पर्श झाला की गुणांत एक मिळवून फळ पुन्हा माथ्याशी न्यावयाचे. तळ गाठला तर गुण न देता न्यावयाचे. बस्स, खेळ तयार झाला!

नवशिका येथे हटकून एक चूक करतो. स्पर्श तपासण्याचा ठोकळा तो ‘सतत’ या आवर्तनाच्या ठोकळ्याबाहेर, त्याच्या आधी ठेवतो. मग फळ टोपलीतून आरपार जाते आणि गुण काही वाढत नाहीत. संगणकाने आज्ञा मोडलेली नसते. त्याने आरंभी एकदाच तपासणी केली, तेव्हा फळ वर होते, आणि पुन्हा तपासावयास त्याला कोणी सांगितलेलेच नव्हते. ठोकळे खाचांत अचूक बसले म्हणून विचारही अचूक बसला असे होत नाही. भाषेच्या चुका साधन टाळू शकते, तर्काच्या चुका मात्र करणाऱ्यालाच शोधाव्या लागतात. आणि खरे शिक्षण तेथेच होते.

ज्यांचा ओढा कथेकडे आहे, त्यांच्यासाठी क्रिस क्लिमस यांचे ‘ट्वाइन’ हे 2009 सालचे साधन अधिक सोयीचे. त्यात परिच्छेद लिहून ते एकमेकांना जोडावयाचे असतात. कोणत्या वाटेने जावयाचे ते वाचक निवडतो. नेदरलँड्समधील प्राध्यापक मार्क ओव्हरमार्स यांनी 1999 साली प्रथम प्रसिद्ध केलेले ‘गेममेकर’ याहून अवघड, पण पल्लेदार आहे. टोबी फॉक्स यांचा 2015 सालचा, जगभर गाजलेला ‘अंडरटेल’ हा खेळ त्यातूनच घडला. नवशिक्यांचे साधन म्हणजे दुय्यम साधन, असे मानणाऱ्यांना एवढे उदाहरण पुरे आहे.

साधन निवडताना आणखी एका गोष्टीकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही: ते कोणाच्या मालकीचे आहे? ‘फ्लॅश’ या साधनातून हौशी मंडळींनी असंख्य छोटे खेळ केले होते. 2020 सालच्या अखेरीस अडोबी कंपनीने त्याचा आधार काढून घेतला आणि ते खेळ ब्राउझरमध्ये उघडेनासे झाले. स्क्रॅचची 2013 सालची आवृत्तीदेखील फ्लॅशवरच उभी होती. 2019 सालच्या आवृत्तीसाठी तिची नव्याने उभारणी झालेली होती, म्हणून मुलांचे काम वाचले. सप्टेंबर 2023 मध्ये ‘युनिटी’ या व्यावसायिक साधनाच्या कंपनीने, ठरावीक मर्यादा ओलांडणाऱ्या खेळांवर, दर नव्या स्थापनेमागे शुल्क आकारण्याचे जाहीर केले. कर्त्यांच्या रोषामुळे वर्षभराने तो बेत रद्द झाला खरा. पण तोवर पुष्कळजण ‘गोडो’कडे वळले होते. अर्जेंटिनात जन्मलेले हे साधन 2014 पासून मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहे. त्याची मूळ आज्ञावली कोणालाही घेता व बदलता येते, त्यामुळे ते कोणा एकाला बंद करता येत नाही.

ट्वाइनमध्ये केलेली कथा साध्या वेबपानाच्या एकाच फाईलमध्ये साठविली जाते. ती पेनड्राइव्हवर ठेवून, इंटरनेट नसलेल्या ग्रंथालयातील संगणकावरही उघडता येते.